थंडीत सातेरीच्या पेट्या आणि माळ्यावरच्या जुन्या चौकटी: काय करावं?

हिर्डस_मावळ

नमस्कार मंडळी. भोरच्या वर, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला आमचं घर आहे. मामांच्या सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या उन्हाळ्यात माझ्याकडे आल्या, कारण गुडघ्यांमुळे त्यांना आता चढावर जाऊन पेट्या बघणं होत नाही. आल्या पाच. पावसाळ्यात दोन पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या, तीन चालू आहेत. कारळ्याच्या फुलोऱ्यात त्यांनी बऱ्यापैकी मध भरला. थोडा काढला, बाकीचा तसाच ठेवलाय.

आता रात्री चांगलाच गारठा पडतोय. पहाटे पेटीचं छप्पर दवाने ओलं असतं आणि साडेनऊ-दहापर्यंत एक माशी बाहेर येत नाही. यूट्यूबवर बघितलं तर लोक पेट्यांना थर्माकोल लावतात, वरून कसलं कसलं कापड गुंडाळतात. मी गोणपाट आणून ठेवलंय. गुंडाळू का?

दुसरं म्हणजे मामांनी जुन्या चौकटी पोळ्यांसकट मधकक्षांत (पेटीच्या वरच्या, मधाच्या कप्प्यांत) भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. परवा खाली काढल्या तर सगळीकडे पांढरी जाळी, काळ्या बारीक लेंड्या, आणि बोट लावलं की पोळ्याचा भुगा. काही चौकटी चांगल्या वाटतात. एका दुकानदाराने सांगितलं, डांबर गोळ्या टाका, काही होत नाही. टाकू?

पोळ्यातला मध काढायचं मधयंत्र पत्र्याचं आहे, आतून पांढरट पडलंय. माश्यांना धूर द्यायच्या धुरांड्याचं झाकण काजळीने असं बसलंय की निघतच नाही. साखरपाणी द्यायचं का तेही सांगा. आणि पेटी किती वेळा उघडायची? मामा म्हणतात थंडीत हात लावू नको. पण ते सगळ्यालाच हात लावू नको म्हणतात.

निवृत्त_मधुक्षेत्रिक

गोणपाट गोठ्यात नेऊन टाका, वासराखाली तरी उपयोगी पडेल.

अहो, ते व्हिडिओ ज्या मुलखातले असतात तिथे चार-पाच महिने रानात फूल नसतं आणि माशी पेटीत गोळा होऊन बसून असते. आपल्या सह्याद्रीत माशीचे असे उपासमारीचे दिवस पावसाळ्यात येतात. पाऊस तिला बाहेर पडू देत नाही, जे फूल असतं ते धुऊन जातं. तुमच्या दोन पेट्या उठल्या त्या पावसाळ्यातच ना? थंडीत आपली माशी कामावर असते, फक्त उशिरा कामावर येते. तुमच्याकडे पहाटे आठ-दहा अंश असेल, पण दुपारी पंचवीसच्या पुढे जातंच. महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला काही पहाटे दवबिंदू गोठतात, पेपरात फोटो येतात. त्या भागात मी नोकरी केली. सातेरीची पेटी गुंडाळलेली तिथेही पाहिली नाही. गोणपाटाने काय होतं, तर सकाळचं ऊन लाकडाला लागत नाही, आतला दमट वाफारा आतच राहतो, आणि गोणपाटाच्या घडीत मुंग्या, झुरळं आणि मेणकिड्याचे (पोळी पोखरणाऱ्या किडीचे) पतंग बिऱ्हाड करतात.

थंडीसाठी करायचं ते वेगळं. पिल्लं असलेल्या पोळ्यात माशीला ३४-३५ अंश उब धरावी लागते. जितकी रिकामी जागा जास्त, तितकं तिचं मध जाळणं जास्त. म्हणून वरचा मधकक्ष रिकामा असेल तर काढा. खालच्या कक्षात ज्या पोळ्यांवर माशीच बसत नाही ती पोळी काढा. उरलेल्या पोळ्यांवर माशी दाट दिसली पाहिजे, पोळ्याचा पृष्ठभाग झाकला गेला पाहिजे. रिकाम्या बाजूला आडवी फळी सरकवून जागा तोडा. पेटीच्या फटी शेणमातीने लिंपा. युरोपी माशी झाडांचा डिंक आणून स्वतः फटी बुजवते, आपली सातेरी तो उद्योग करत नाही, तेव्हा तो तुम्हालाच करायचाय. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असेल तर कोवळं ऊन दारात पडेल आणि तुमची साडेनऊची माशी साडेआठला निघेल. नसेल तर आजच पेटी गर्रकन फिरवू नका, माशी जुन्या दिशेला घिरट्या घालत बसेल. रोज थोडी थोडी वळवा. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली असू द्या, म्हणजे दव-पाणी आत न साचता दारातून वाहून जाईल.

उघडण्याचं म्हणाल तर मामांचं अर्धं बरोबर. सकाळी आठला उत्साहाने झाकण काढून चौकट वर धरून फोटो काढणारे असतात, त्यांच्यासाठी "हात लावू नको" हाच सल्ला योग्य. पण अकरा ते दोनच्या मधे, वारा पडलेला असताना, दहा-बारा दिवसांतून एकदा पेटी बघायलाच हवी. राणी शोधत बसू नका. पोळ्यातल्या घरट्याच्या तळाशी अंडं उभं दिसलं की राणी काल-आज तिथे होती एवढं कळतं. पहिल्या दिवशी अंडं उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. अंडी आहेत, पोळ्याच्या वरच्या कडेला मधाचा पट्टा आहे, झाकण बंद. पाच मिनिटांचं काम.

तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, मात्र दर आठवड्याला. त्यासाठी पेटी उघडावी लागत नाही. वरचा सगळा डोलारा हलकेच बाजूला ठेवा, तळपाट खरवडा, ऊन दाखवा, परत लावा. तळाला जो मेणाचा चुरा आणि कचरा साठतो त्यातच मेणकिड्याची मादी अंडी घालते. निम्मी लढाई तिथेच संपते. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत ना? थंडीत त्या कोरड्या पडतात आणि कुणाचं लक्ष नसतं. मुंगळे तेवढंच बघत असतात.

आता तुमच्या माळ्याकडे येतो. ती जाळी आणि त्या लेंड्या मेणकिड्याच्याच.

डांबर गोळ्या अजिबात नाही. मेण तो वास आणि ते रसायन शोषून घेतं, मग पुढच्या हंगामात ते मधात उतरतं. किड्याला त्याने विशेष काही होत नाही, तुमच्या गिऱ्हाइकाला होईल.

मेणकिडा नुसतं शुद्ध मेण खाऊन वाढत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याला जुन्या पिल्लांच्या घरट्यांतल्या काती, कोष आणि पराग हवा असतो. म्हणून पिल्लांची काळी, जड पोळी आधी संपतात आणि ज्यांत कधी पिल्लं झाली नाहीत अशी मधकक्षातली पांढरट पोळी बऱ्याच वेळा वाचतात. तुमच्या "चांगल्या वाटणाऱ्या" चौकटी एकेक करून सूर्यासमोर धरा. पोळ्याच्या मधल्या पडद्यातून, एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात, धाग्यासारखा बोगदा गेलेला दिसेल. वरून पोळं साबूत असतं, आत अळी फिरत असते. बोगदा दिसला की ती चौकट गेली समजा. लाकडाकडेही बघा. मोठी झालेली अळी कोष करायच्या आधी लाकूड कुरतडून स्वतःपुरती होडीच्या आकाराची खाच करते आणि त्यात बसते. चौकटींच्या कडेला आणि कक्षाच्या आतल्या कोपऱ्यांत ओळीने अशा खाचा सापडतील, वरून पांढरे कोष चिकटलेले. ते पटाशीने खरवडा, लाकूड उकळत्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात टाका.

काळी पोळी ठेवूच नका, हे माझं स्पष्ट मत. सातेरीला जुनं पोळं आवडत नाही. तुम्ही जपून ठेवलेलं पोळं ती कुरतडून खाली टाकते आणि नवं बांधते. मग वर्षभर किड्याला पोसायचं कशाला? कापा, वितळवा. मांजरपाटाच्या पिशवीत पोळी भरायची, तोंड बांधायचं, स्टीलच्या पातेल्यात पाण्यात बुडवून मंद आचेवर ठेवायचं आणि कालथ्याने दाबत राहायचं. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, पाण्याला उकळी आणायची गरज नाही. लोखंडी कढई घेऊ नका, मेण काळपट होतं. आणि पातेल्यात पाणी नसताना आचेवर मेण ठेवायचं नाही, भडका उडतो. गार झाल्यावर वरची वडी काढून खालचा गाळ खरवडून टाका. त्या वडीच्या बदल्यात मेणपत्रे (नव्या पोळ्याला पाया म्हणून चौकटीत लावायचे मेणाचे पातळ पत्रे) मिळतात.

मधकक्षाची पांढरी पोळी ठेवायची असतील तर सगळ्यात सोपा उपाय घरातल्या फ्रीजरचा. पिशवीत गुंडाळून दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग बाहेर काढून पिशवी न उघडता पुरती कोरडी होऊ द्यायची आणि तशीच बंद ठेवायची. अंडीसुद्धा मरतात. घरात यावरून बोलणी खावी लागतील, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. चौकटी जास्त असतील तर गंधकाची धुरी. अंगणात, घरापासून लांब, मधकक्ष एकावर एक रचायचे, खालची बाजू बंद, सगळ्यात वर एक रिकामा कक्ष, त्यात मातीने भरलेल्या पत्र्याच्या ताटलीत पणती ठेवून त्यात गंधक पेटवायचा आणि झाकण लावून फटी मातीने बुजवायच्या. हा धूर हवेपेक्षा जड असतो, वरून खाली उतरतो. दिवसभर तसंच ठेवा. दमा असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका, मामांना विचारून घ्या. गंधकाने अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी परत धुरी. मध असलेल्या पोळ्याला ही धुरी द्यायची नाही.

आणि माळा विसरा. अंधार, ऊब, वारा नाही. पतंगाला ह्याहून चांगली जागा कुणी बांधून देणार नाही. ओसरीत, उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी, दोरीवर किंवा तारेवर चौकटी एकमेकींना न चिकटता टांगल्या तरी निम्मा त्रास वाचतो.

एक प्रश्न मात्र मला आधी विचारायला हवा होता. ज्या दोन पेट्या उठल्या, त्यांतल्या चौकटी कुठे आहेत? उठून जायच्या आधी पोळ्यात मेलेली पिल्लं दिसली होती का? झाकण उघडलेल्या घरट्यात अळी ताठ, टोक वर उचललेलं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी? तसं असेल तर तो थाई सॅकब्रूड. हा विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही. १९९१-९२च्या सुमारास याने केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. तशा चौकटी चालू पेट्यांत घालू नका. सांगा.

मधयंत्राबद्दल संध्याकाळी लिहितो, वीज जायची वेळ झाली.

कांदाबियाणे_निफाड

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी मेलिफेरावाला, म्हणजे युरोपी माशीवाला, माझ्या पेट्या आत्ता तुरीवर आहेत आणि तिथून जानेवारीच्या शेवटी कांदा बियाण्याच्या प्लॉटवर जातील. आमचा हिवाळा ट्रकच्या केबिनमध्ये जातो.

एका मुद्द्यावर मात्र काकांशी पटत नाही. बांधलेली पोळी वितळवून टाकायची हे मेलिफेराला परवडत नाही. किलोभर मेण बनवायला माशी सहा-आठ किलो मध खाते असं धरतात. तयार पोळं दिलं की ती बांधकाम सोडून मध भरायला लागते. आम्ही मधकक्षाच्या चौकटी वर्षानुवर्षं वापरतो. शेडमध्ये आठ-आठ चौकटी अंतर ठेवून, मधकक्ष आडवे-उभे आलटून पालटून रचतो, म्हणजे मधून उजेड आणि वारा जातो.

हिर्डस भाऊ, तुमच्याकडे खाली कुणी टोमॅटो, वाल, भाजीपाला करत असेल तर फवारणी कधी आहे ते आधी विचारून ठेवा. थंडीत माशी उशिरा निघते आणि दुपारी एकदम गर्दी करते, नेमका त्याच वेळेला शेतकरी पंप घेऊन उतरतो. शेतकऱ्याला प्रेमाने सांगा, सूर्य कलल्यावर मारा. माझ्या अनुभवात दहातले सात जण ऐकतात. उरलेल्या तिघांना मधाची बाटली द्यावी लागते.

लेस्टरकर

मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये. माझ्याकडे परसात युरोपी माशीच्या दोन पेट्या आहेत. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुधा आमच्यासारख्यांचे.

इथे ऑक्टोबरनंतर पेटी उघडत नाहीत. माशी गोळा करून बसते आणि मार्चपर्यंत साठ्यावर जगते. एका वसाहतीला सुमारे वीस किलो मध लागतो. महिन्यातून एकदा मागून पेटी थोडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, हलकी लागली तर माश्यांच्या डोक्यावर साखरेचा घट्ट गोळा ठेवायचा. दाराला उंदीर येऊ नये म्हणून भोकांची पट्टी, आणि सुतार पक्षी लाकूड फोडू नये म्हणून बाहेरून कोंबड्यांची जाळी. ख्रिसमसच्या आसपास पिल्लं नसतात, तेव्हा माशीच्या अंगावरच्या व्हरोआ या परजीवी किडीसाठी ऑक्झॅलिक आम्ल देतात. यातलं तुमच्या सातेरीला काहीही लागू नाही. थर्माकोल तर इथेही सगळे लावत नाहीत. इथे थंडीपेक्षा ओलीने जास्त वसाहती मरतात.

चौकटींच्या बाबतीत मात्र इथली थंडी मदत करते. उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या चौकटींना डिसेंबर-जानेवारीत मेणकिडा शिवत नाही. भोरमध्ये ते सुख नाही, दुपारच्या उन्हात किडा वाढतच राहणार. काका म्हणतात ते फ्रीजरचं ऐका. माझ्या फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी चौकटी असतात आणि नवरा अजून घरात आहे.

हिर्डस_मावळ

सगळ्यांचे आभार. गोणपाट वासराखाली गेलं.

काका, उठलेल्या पेट्यांमध्ये मेलेली पिल्लं नव्हती. पोळी पूर्ण रिकामी होती, मधाचा थेंब नाही, पिल्लू नाही. फक्त तळाला जाळी आणि अळ्या. त्या चौकटी चालू पेट्यांत घातलेल्या नाहीत. सूर्यासमोर धरून बघितलं, "चांगल्या" म्हटलेल्यांतल्या बहुतेकांत बोगदे आहेत. पांढरी पोळी तेवढी स्वच्छ निघाली. ताई, फ्रीजरबद्दल आईशी बोलणी चालू आहेत.

मधयंत्र आणि साखरपाण्याचं राहिलं.

निवृत्त_मधुक्षेत्रिक

मग रोग नाही, भूक होती. पावसात साठा संपला, माशी उठली, आणि मग रिकाम्या घरात किडा शिरला. लोक उलटं सांगतात, किड्याने माशी पळवली म्हणून. दणकट वसाहतीत किड्याला माशी टिकू देत नाही. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टला साखरपाणी द्यायचं, तीच त्याची खरी वेळ.

आत्ता द्यायचं का, तर वरच्या कडेला मधाचा पट्टा असेल तर नाही. तुम्ही कारळ्याचा मध ठेवलाय, त्यावर भागेल. फेब्रुवारीत वसाहत वाढायला हवी असेल आणि पट्टा बारीक झाला असेल तर साखर आणि पाणी समप्रमाणात, पातळ, थोडं थोडं. संध्याकाळी, पेटीच्या आत, झाकणाखाली. बाहेर उघड्यावर ठेवलंत किंवा सांडलंत तर एक पेटी दुसरीला लुटायला लागते आणि तुमच्या तीनच्या दोन होतील. गूळ चालत नाही, माशीला हगवण लागते. आणि साखरपाणी चालू असताना मधकक्ष चढवायचा नाही, नाहीतर साखरच मध म्हणून बाटलीत जाईल. मार्चला जांभूळ फुलायच्या आधी बंद. जांभूळ, मग हिरडा, तो तुमचा मुख्य मध.

निफाडकरांचं मेलिफेराबद्दलचं बरोबरच आहे, त्यांची माशी जुनं पोळं चालवून घेते. मी सातेरीपुरतं बोललो. आणि पांढरी पोळी वितळवा असं मीही म्हटलेलं नाही.

मधयंत्र. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. मध आंबट असतो, पीएच चारच्या आसपास, तो मुलामा खातो आणि पांढरट भुकटी पडते. ती मधात उतरते. आतून मुलामा उडाला असेल तर ते यंत्र मेणाच्या वड्या ठेवायला वापरा, मध काढायला नको. स्टीलचं घ्या. एकट्याला जड जात असेल तर गावातल्या चार जणांत मिळून. महाबळेश्वरजवळच्या मांघरला, ते २०२२ला मधाचं गाव झालं, तिथे घराघरात पेट्या आहेत, पण प्रत्येकाला यंत्राची गरज पडत नाही.

नवं घ्याल तेव्हा धुवायची रीत: आधी गार पाणी, मग कोमट. थेट गरम पाणी ओतलंत तर मेणाचे कण वितळून जाळीला पापुद्रा धरतात, मग ते नखाने काढत बसा. उन्हात पूर्ण वाळवून, तोंड कापडाने बांधून ठेवा. चक्राच्या दात्यांना खोबरेल तेल, गाडीचं ग्रीस नाही.

धुरांडं विस्तवावर थोडं तापवा, काजळीचं डांबर सैल होईल आणि झाकण निघेल. भाता आधी सोडवून ठेवा, नाहीतर चामडं भाजेल. चामड्याला चिरा पडल्या असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून भागतं. आतून खरवडून काढा. त्यात जाळायला नारळाच्या शेंड्या, सुक्या गोवऱ्या, सुती चिंधी. प्लास्टिकची गोणी जाळणारे महाभाग बघितलेत, माशी चवताळते आणि पोळ्याला वास धरतो.

हातमोजे आणि जाळीची टोपी धुवा. नांगी रुतलेल्या मोज्यांना एक वास येतो, पिकलेल्या केळ्यासारखा. माशीला तो वास म्हणजे हल्ल्याची हाक. लोक म्हणतात माझ्या माश्या तिखट आहेत, आणि मोजे दिवाळीपासून धुतलेले नसतात.

रिकाम्या दोन पेट्या आत्ताच दुरुस्त करा. बाहेरून जवसाचं तेल किंवा रंग, आतून काही नाही. रंगाचा वास जायला पंधरा दिवस उन्हात राहू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या चालू पेट्यांत राणीकोश (नवी राणी वाढते ती घरटी) दिसू लागतील. तेव्हा वसाहत वाटून दोन करायची असेल तर पेटी हाताशी तयार पाहिजे, सुतार त्या आठवड्यात कधी मिळत नाही. वाटणी कशी करायची ते त्या वेळी विचारा, नवा धागा काढा. आणि मामांना त्या दिवशी खुर्ची टाकून पेटीजवळ बसवा. हात लावू नको म्हणतील, पण राणीकोश कुठला ठेवायचा आणि कुठला मोडायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल.

हिर्डस_मावळ

सायकलची ट्यूब सापडली. मामा म्हणतात, "ह्या माणसाला गंधकाचं विचार, ताटली पत्र्याची की जर्मनची (ॲल्युमिनियमची)?"

निवृत्त_मधुक्षेत्रिक

पत्र्याची. जर्मन वितळत नाही, पण पुन्हा जेवायला घेता येत नाही.